कबरस्तानातली झाडं

१४ जून

दादा,

हे पत्र तुझ्या हाती पडण्याआधी तुरुंगातले साहेब वाचतात, असं वहिनी सांगत होती. वाचू देत. लपवण्यासारखं यात काही नाही.

वहिनी शनिवारी येईल तेव्हा हे आणेल. सोबत माझी जाड घोंगडी देते आहे. इथे डोंगरावरून भुरभुर उतरली की थांबतच नाही. किती दिवस झाले, मुलांजेचं शिखर दिसलेलं नाही, कपडे वाळत नाहीत. तुमच्या तिथे खाली सिमेंट आहे की माती, एवढं तरी वहिनीजवळ सांग. माझ्याशी बोलायचं नाही हे मला कळलंय. "फालेसीला म्हणावं, तू तुझी शाळा सांभाळ," असं म्हणालास ना? वहिनीने जसंच्या तसं सांगितलं. सांगताना तिला बरंही वाटलं असावं.

शाळाच सांभाळत होते, दादा. मी मुलांना कबरस्तानात नेलं याचा तुला राग आहे, तर तेच आधी लिहिते, कारण गावात त्याची भलतीच गोष्ट झाली आहे.

सहावीला मी आपल्या मातीतली झाडं शिकवत होते. म्हटलं, गावातल्या झाडांची नावं सांगा. निलगिरी, आंबा, पेरू, पुन्हा निलगिरी. एकाने चहा सांगितला. मी म्हटलं, यातलं एकही झाड मुळात इथलं नाही, सगळी बाहेरून आणलेली. तर काम्वेंडोची धाकटी उभी राहिली आणि म्हणाली, "मॅडम, आंबा आमच्या आजोबांनी लावलाय. ते कुठे बाहेरचे होते?" वर्ग हसला, मीही हसले. पण मुलांना दाखवू काय? या बाजूला चहाचे मळे, त्या बाजूला मळ्याच्या भट्ट्यांसाठी लावलेली निलगिरी. सीडर तेवढा डोंगरमाथ्यावर, आणि तोही आता... असो. इथली झाडं उरलीत ती एकाच जागी, जिथे कुणी कुऱ्हाड नेत नाही. जिथे आई आहे.

नामाकोला आजींना मी रीतसर विचारलं. गावच्या मुखियाला न विचारता मी तिथे पाऊल टाकीन का? आजी म्हणाल्या, "कडेला उभं राहायचं. हसायचं नाही, पळायचं नाही, आणि कबरींकडे बोट दाखवायचं नाही." आता झाडं उभी आहेत कबरींमध्येच; बोट न दाखवता दाखवायची कशी? मग मुलांनी हात मागे बांधले आणि मी हनुवटीने झाडं दाखवली. तो उंबर. तो म्लोंब्वा, खाच पाडली की जखमेतून यावं तसा लाल चीक येतो. ते मासुकू, मका तयार व्हायच्या आधी घरात काही नसतं तेव्हा याच्या फळांवर पोरं जगतात. मुलंही हनुवट्या उडवून विचारायला लागली, "मॅडम, ते कोणतं? आणि ते?" रस्त्याने जाणाऱ्याला वाटलं असतं, सगळ्या वर्गाच्या माना लचकल्यात.

पाचोळा उकरून मी त्यांना खालची ओल दाखवली. आपली अळंबी या झाडांच्या मुळांशी उगवते, निलगिरीखाली ती येत नाही, हे ऐकून मुली एकदम गंभीर झाल्या. अळंबी शोधायला पहाटे त्याच जातात ना.

एवढंच झालं. कुणी आत गेलं नाही. कुणी काही पाहिलं नाही. सीडरच्या फळ्या तुम्ही तिथे दडवल्या होत्या हे मला तू पकडला गेलास त्या सकाळी कळलं, सगळ्या गावाबरोबर. वनखात्याला कुणी सांगितलं ते मला ठाऊक नाही.

घोंगडी पांघर. ताठ्याने परत पाठवू नकोस.

फालेसी


२ जुलै

दादा,

वर्गात बसून लिहिते आहे. मुलं पेपर सोडवताहेत. म्हणजे जी आली आहेत ती. अर्धे बाक रिकामे आहेत. काहींच्या घरच्यांनी नावं काढून पलीकडच्या मिशनच्या शाळेत घातली. हेडमास्तर चिम्वेरे सकाळी म्हणाले, "फालेसी, तू गणित शिकव. गणितावर कुणी रागावत नाही."

काल हातपंपावर तुझ्या दोस्ताने, काम्वेंडोने, मला अडवलं. बायकांची रांग लागलेली, सगळ्यांच्या देखत. म्हणाला, "मॅडम, सीडर तोडणं म्हणजे चोरी, असं शिकवता म्हणे. मग तुमच्या कॉलेजची फी कुठल्या झाडाची होती हो?" बायका हसल्या. मी बादली तिथेच टाकून आले. उत्तर घरी आल्यावर सुचलं आणि तेही धड नव्हतं. माझं शिक्षण तुझ्या करवतीवर झालं, दादा. हे मला हातपंपावर कुणी सांगायला नको.

पण लिहायला बसले ते याच्यासाठी नाही. बिझवेकचं काय चाललंय ते तुला माहीत आहे का?

गावात सगळे म्हणताहेत की वनखात्याला बिझवेकने सांगितलं. का, तर त्या दिवशी फळ्या उचलायला तो आला नाही. अरे, त्याला ताप होता. मी स्वतः त्याच्या बायकोला गोळ्या दिल्या होत्या. तुझ्या करवतीचं दुसरं टोक इतकी वर्षं ज्याने धरलं, तो असं करील? त्याच्या कोंबड्या कुणीतरी माना पिरगळून दारात टाकल्या. चर्चमध्ये त्याच्या बाकावर कुणी बसत नाही. काम्वेंडो उघड म्हणतो, "लास्टन सुटून येईपर्यंत कशाला थांबायचं?"

गेल्या शनिवारी वहिनी तुला भेटून आली ती आधी काम्वेंडोकडे गेली, मग घरी. काय निरोप दिलास तू? मी विचारलं तर म्हणाली, "पुरुषांचं आहे, तुम्ही नका पडू."

मघाशी उठून दारापर्यंत जाऊन आले. रस्त्यावर कुणी नव्हतं. कुणी यायचंही नव्हतं. पण मला हल्ली बसवत नाही. खडू हातात धरला की तो मोडेपर्यंत मी चोळत राहते, मुलं बघतात.

लेकीबद्दल, एलुबीबद्दल, वहिनीने तुला सांगितलंच असेल. पोट दुखतं म्हणते. शाळेत येत नाही. दवाखान्यात नेलं, त्यांना काही सापडलं नाही. तू काळजी करू नकोस, बारा वर्षांच्या मुलींना होतं असं.

बिझवेकने सांगितलेलं नाही. हे मला कसं ठाऊक ते विचारू नकोस. त्याने सांगितलेलं नाही.

फालेसी


९ जुलै, सकाळ

दादा,

आज भेटीचा दिवस नाही, तरी वहिनी सायकलटॅक्सी करून निघाली आहे. साहेबांच्या पाया पडेल, पण हे पत्र तुझ्यापर्यंत पोचवील. पूर्ण वाच. मध्येच फाडू नकोस.

काल संध्याकाळी त्यांनी बिझवेकला घरातून ओढून बाहेर काढलं. त्याचा उजवा हात मोडलाय. पोरं आणि बायको माझ्याकडे आहेत, तो मळ्याच्या दवाखान्यात. काम्वेंडो सांगून गेलाय की उद्या छप्पर पेटवणार. नामाकोला आजी आडव्या उभ्या राहिल्या म्हणून कालचं काल थांबलं. आजींचं वय किती, त्या रोज थोड्याच उभ्या राहणार आहेत!

बिझवेकने नाही. एलुबीने सांगितलं.

तुझ्या एलुबीने, दादा. आपल्या.

त्या दिवशी कबरस्तानाच्या कडेला मी मुलांना रांगेत उभं केलं होतं, पण एलुबी म्हणाली, "मॅडम, आजीच्या कबरीपाशी जाऊन येऊ?" शाळेत ती मला कधी आत्या म्हणत नाही, हे तुला माहीत आहे. मी म्हटलं, जा, पण लगेच ये. आईच्या कबरीमागे त्या दाट जाळीत पाचोळ्याखाली फळ्या होत्या. तिने वासाने ओळखल्या. परत आली तेव्हा गप्प होती. मला वाटलं, आजीची आठवण आली असेल.

पुढच्या आठवड्यात वनखात्याची ती तरुण अधिकारी शाळेत आली, मीच बोलावली होती. डोंगरावर सीडर किती थोडा राहिलाय, आग आणि करवत यांच्यातून एक रोप मोठं व्हायला किती पिढ्या जातात, हे तिने सांगितलं. ती बसल्यावर मी उठले आणि मुलांना म्हटलं, "शेजारच्या घरात चोर शिरताना दिसला तर तुम्ही तोंड मिटून बसाल का? मग डोंगराचं घर फुटतंय तेव्हा का बसता?" हे मी म्हटलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मलाही माझं बोलणं फार आवडलं.

नंतर त्या अधिकारीबाईंना भजी आणि चहा दिला तेव्हा एलुबी त्यांच्याजवळ उभी होती. त्या वाकून ऐकत होत्या. मी लांबून पाहिलं आणि मला वाटलं, माझी भाची बघा कशी झाडांचं विचारतेय. मला अभिमान वाटला, दादा. तुझ्या अटकेच्या सकाळपर्यंत मी त्या अभिमानात होते. त्या सकाळी तिने मला तुटक तुटक सांगितलं.

फळ्या कुणाच्या हे तिला माहीत नव्हतं. तिला वाटलं, चोरांनी आजीच्या कबरीवर चोरीचा माल टाकलाय.

पहाटे मी वहिनीला सांगितलं. ती पीठ चाळत होती. चाळण खाली ठेवली आणि म्हणाली, "म्हणजे मी आता कुणाच्या बाजूने रडू?" मग डोक्याला कापड बांधलं आणि सायकलवाल्याला हाक मारली. पोरीला एक शब्द बोलली नाही. हात उगारला नाही. मला त्याचीच भीती वाटतेय.

काम्वेंडोला आवर. फक्त तुझं ऐकेल तो. एलुबीचं नाव त्याला सांगायचं की नाही ते तू ठरव, तू तिचा बाप आहेस. मी माझं नाव सांगायला तयार आहे. म्हणावं, बहिणीने सांगितलं. ते कुणालाही लगेच पटेल.

फालेसी


३ सप्टेंबर

दादा,

बिझवेकच्या हाताचं प्लॅस्टर निघालं. कोपर पूर्वीसारखं वळत नाही, करवत आता धरता येणार नाही. मी पीठ घेऊन गेले होते. मला बघून म्हणाला, "या मॅडम. तुमच्या झाडांनी माझ्याकडे काही निरोप दिलाय का?" मग स्वतःच हसला, बायको हसली नाही. तू त्याच्यासाठी काय निरोप पाठवलास तो गावभर झाला आहे. "बिझवेकला हात लावू नका. कुणी सांगितलं ते मला कळलंय. माझ्या घरचा प्रश्न आहे." तेवढ्यावर काम्वेंडो थांबला. आता त्यांना वाटतं, ती मीच. रस्त्यात कुणी माझ्याशी बोलत नाही. बरं झालं. माझ्याकडे बोट गेलं की दुसरीकडे जात नाही.

तुझ्याकडून मला मात्र काहीच नाही. एक ओळही नाही. घोंगडी वापरतोस असं वहिनी म्हणाली, त्यावर मी समाधान मानते.

डोंगर पेटलाय. दिवसा धूर दिसतो, अंधार पडला की लाल रेघ. शिकाऱ्यांनी लावली असेल किंवा मध काढणाऱ्यांनी. मी खिडकी लावून घेते आणि थोड्या वेळाने उघडून पुन्हा बघते, रेघ वर सरकली का खाली.

गेल्या पत्रात मी एक खोटं लिहिलं. तेव्हा मला नुसता संशय होता, शिवाय घाईत होते, आणि तू रागाच्या भरात काय करशील याची धास्ती होती. खरं तर त्याआधीच्या पत्रांतही लिहिलं, पण ती तुला आता कळली आहेत. हे राहिलंय.

फळ्या तुझ्या आहेत हे एलुबीला माहीत होतं.

ऑगस्टमध्ये ती पहिल्यांदा माझ्याशी धड बोलली. आम्ही दोघी मका सोलत होतो. मी विचारलं, "कुणाच्या फळ्या, हे कळलं होतं तुला?"

म्हणाली, "वास बाबांच्या शर्टाचा होता."

"तरी सांगितलंस?"

"फळ्या नेतील असं वाटलं. बाबांना नेतील असं नाही वाटलं."

दाणे टोपलीत पडत होते. मग तीच म्हणाली, "फळ्या गेल्या की बाबा चिडतील. चिडून घरी बसतील. पावसात वर जाणार नाहीत. डेलिसोकाका गेला होता ना पावसात."

डेलिसोचं प्रेत गेल्या वर्षी बांबूला बांधून घोंगडीत खाली आणलं ते तिने पाहिलंय, दादा. तुम्ही सगळ्यांनी पोरांना सांगितलं, पाय घसरला, इतकंच. पण त्याला घरासमोर ठेवलं तेव्हा ती वहिनीच्या मागे उभी होती. त्यानंतर तू वर गेलास की ही उंबऱ्यात बसून राहायची. मला वाटायचं, बापाची लाडकी आहे. माझ्या सगळ्या धड्यातलं, सीडरच्या सगळ्या गोष्टींतलं तिने एकच वाक्य घेतलं. चोराचं वाक्य तिच्या उपयोगाला आलं, म्हणून तिने ते उचललं. झाड वाचवायला निघालीच नव्हती ती.

आणि मी जगभर सांगत होते की मुलांना झाडांचं कळलं पाहिजे. माझ्या घरातल्या मुलीला काय कळतंय हे मला कळलं नाही.

सोमवारपासून शाळा सुरू झाली. चिम्वेरे सरांचं ऐकून गणितावर राहावं असं ठरवलं होतं. दुसऱ्याच दिवशी काम्वेंडोची धाकटी आली, मिशनची शाळा सोडून. बाक पुसून बसली आणि म्हणाली, "मॅडम, निलगिरी जर पाणी पिते तर आमच्या ओढ्याचं पाणी तीच प्यायली का?" बापाने परवानगी दिली का म्हणून विचारलं, तर म्हणाली, "बाबा म्हणतात, मॅडम वाईट आहेत पण शिकवतात बऱ्या." मग काय, गणिताचं पुस्तक मिटलं. आम्ही ओढ्यावर गेलो. वरच्या अंगाला मळ्याची निलगिरी पार काठापर्यंत आलीय आणि ओढ्यात दगडच दगड. मुलांनी ते बघितलं. मी भाषण केलं नाही. खरंच केलं नाही.

एलुबी अजून येत नाही.

फालेसी


१७ नोव्हेंबर

दादा,

तू अंगणाच्या त्या टोकाला आहेस आणि मी पत्र लिहितेय. हसशील. निदान हस तरी.

तुला येऊन तीन आठवडे होतील. सकाळी तू माझ्या दारावरून जातोस, मी केर काढत असले तर तुझी नजर कौलांवर जाते. परवा माझ्या छपरातून पाणी गळत होतं ते तू येऊन नीट केलंस, मी शाळेत असताना. ओळखते मी तुझं काम. म्हणून वाटलं, लिहिलेलं वाचत असशील.

तू आलास त्या संध्याकाळचं सांगते. तू तिथे होतास, पण तुला सगळं दिसलेलं नाही.

त्या दुपारी एलुबी स्वयंपाकाच्या खोपीमागे होती. हातात रिकामा जग. गुडघ्यावर बसायची, जग वाकडा करायची, ओठ हलवायची. उठायची. पुन्हा बसायची. मी आधी समजलेच नाही. मग ऐकू आलं. एकच वाक्य म्हणत होती, कधी मोठ्याने, कधी पुटपुटत. मी तिला म्हणणार होते, नको, आज नको, बाबांना आधी जेवू दे. वहिनीने माझा दंड धरला. "राहू द्या," म्हणाली. "मी चार महिने तिच्याशी बोलू शकले नाही. तिला तरी बोलू द्या."

तू जेवायला बसलास. वहिनीने मक्याचा न्सिमा वाढला, मोहरीचा पाला, ती लहान मासळी तुला आवडते ती. एलुबी हात धुवायला पाणी घेऊन आली आणि गुडघ्यावर बसली. तू हात पुढे केलेस. तिने जग वाकडा केला नाही. म्हणाली, "बाबा, मीच सांगितलं. तुम्ही वर जाऊ नये म्हणून."

तू वर बघितलं नाहीस. हात तसेच धरून होतास. मी दाराशी उभी होते. बाहेर कुणाचीतरी शेळी ओरडत होती. मग तू म्हणालास, "पाणी ओत बाळा. हात अवघडले."

तिने ओतलं. निम्मं तुझ्या पायांवर ओतलं.

तुला दिसलं नाही ते हे. जग आत ठेवून ती सरळ माझ्या घरात आली, कोपऱ्यातली चटई अंथरली आणि झोपली. जेवली नाही, तोंड धुतलं नाही. दुसऱ्या दिवशी ऊन खिडकीतून आत येईपर्यंत झोपली होती. जूनपासून ती नीट झोपलेली नव्हती, दादा. अंथरूण ओलं व्हायचं, बारा वर्षांच्या मुलीचं, आणि पहाटे उठून ती स्वतःच धुवायची. वहिनीला आणि मला, दोघींनाही कळू नये म्हणून धडपडायची. त्या दिवसापासून थांबलंय.

माझ्याशी बोलू नकोस हवं तर. पण तू तिला जे बोललास त्यासाठी मी तुझं कुठलंही काम करीन.

बदलीचा कागद आलाय. जानेवारीपासून सालिमाला, सरोवराकाठी. कबरस्तानाची तक्रार वरपर्यंत गेली असणार. कुणी केली ते मी शोधत नाहीये. शोधण्याने आपल्याकडे काय झालं ते बघितलं. चिम्वेरे सर म्हणाले, "तिथे उकडतं फार, पण मासे ताजे." माणूस धीर द्यायला गेला की काहीही बोलतो.

एलुबी सोमवारी शाळेत आली. मागच्या बाकावर बसली. मी तिला प्रश्न विचारला नाही, तिने हात वर केला नाही. तास संपल्यावर सगळी गेली तरी ती रेंगाळली आणि म्हणाली, "आत्या, पहिला जोराचा पाऊस झालाय. अळंबी आली असेल." शाळेत आत्या म्हणाली.

आम्ही गेलो. कडेलाच.

फालेसी


२१ जानेवारी, सालिमा

दादा,

पोचले. खोली बरी आहे, पत्र्याची, दुपारी तव्यावर बसल्यासारखं होतं. चिम्वेरे सरांचं मासळीबद्दल खरं निघालं.

स्टँडवर तू येशील असं मला वाटलं नव्हतं. वहिनी रडत होती, एलुबी माझी पिशवी सोडत नव्हती, कंडक्टर ओरडत होता की एवढी मोठी पेटी टपावर जाणार नाही. आणि तू कुठून आलास ते कळलंच नाही. पेटी उचललीस, टपावर चढलास, कंडक्टरला म्हणालास, "सरक." दोर तुझाच होता, फळ्या बांधायचा. चारी बाजूंनी ओढून बांधलास, पाय देऊन बघितलंस हलते का, आणि उतरलास. मी खिडकीतून बघत होते. तू डोंगराकडे बघत होतास. बस सुटली.

एक शब्दही नाही. मला वाटलं होतं, निदान 'नीट जा' म्हणशील. पहिल्या वळणापर्यंत मी वाट बघितली. वळण गेल्यावर कसली वाट बघतेस, असं स्वतःला म्हटलं. तरी बघत राहिले.

तू आता काय करतोस ते मी विचारत नाही. एलुबीचं पत्र आलं, त्यात शाळा आहे, बिझवेककाकाने दुकानाची टपरी टाकली ते आहे, वहिनीचा दात दुखतो ते आहे. तुझ्या कामाचं नाही. म्हणजे मळ्यावर जात असशील, किंवा वर जात असशील आणि तिला लिहवत नसेल. रोज सकाळी इथे पाऊस झाला की मी मनात डोंगरावरची वाट किती निसरडी झाली असेल ते मोजते. हे सवयीने होतं. इथून डोंगर दिसतही नाही.

इथली मुलं वेगळीच आहेत, दंगेखोर, अंगाला मासळीचा वास. पहिल्या दिवशी विचारलं, आपल्या मातीतली झाडं सांगा. कुणी आंबा म्हटलं नाही. सगळी एकदम ओरडली, "गोरखचिंच!" शाळेच्या मागेच आहे, आठ मुलं हात धरून उभी राहिली तरी कवेत येत नाही. एकाने विचारलं, "मॅडम, ही कुणी तोडली तर तुम्ही पोलिसांत सांगणार का?" कुठून तरी ऐकलं असणार माझ्याबद्दल. सगळा वर्ग बघायला लागला. मी म्हटलं, "आधी तुझ्या घरी येईन. बसेन. विचारेन, का तोडावी लागली." तो म्हणाला, "आणि मग?" मला त्यापुढचं माहीत नव्हतं. माहीत नाही असंच सांगितलं. पोरगा खट्टू झाला. त्याला मॅडमकडून उत्तर हवं होतं.

पोचल्या दिवशीचं सांगायचं राहिलं. सालिमाच्या स्टँडवर कंडक्टर टपावर चढला आणि पेटीचा दोर सोडायला बसला. सुटेना. दुसरा चढला. दोघांनी मिळून शिव्या घातल्या. खालून लोक ओरडायला लागले, पुढची गाडी खोळंबली. एक जण कोयता घेऊन आला, म्हणाला, "मॅडम, कापू का? जन्मात सुटायचा नाही हा. बांधला कुणी?"

मी म्हटलं, "कापू नका. माझ्या भावाने बांधलाय."

मग मी स्वतः वर चढले. कमरेचं कापड सावरत एवढ्या लोकांसमोर टपावर चढायचं म्हणजे काय ते तूच समज. बसले आणि एकेक गाठ सोडवत गेले. ऊन डोक्यावर. नखं तुटली. खालचे लोक आधी चिडले, मग गप्प झाले, मग एका म्हातारीने मला खालून पाणी दिलं. कितीतरी वेळ लागला, दादा. शेवटचा फेरा सुटला तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

दोर गुंडाळून ठेवलाय. एलुबी एप्रिलच्या सुटीत येणार म्हणते. तिला एकटीला पाठवू नकोस, रस्ता लांबचा आहे.

तुझी,
फालेसी